बॅटरीची खोली आणि भिंतीवरचे प्रमाणपत्र

गेल्या वर्षी विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने एका तालुक्याच्या गावी जाण्याचा योग आला. शाळा नेटकी होती, शिक्षक उत्साही होते. छपरावर सौर पॅनेल बसवलेली होती. वीज गेली तरी आमचा संगणक कक्ष चालू राहतो, असे मुख्याध्यापकांनी अभिमानाने सांगितले. बॅटऱ्या कोठे ठेवल्या आहेत, असे आम्ही सहज विचारले, तेव्हा ते आम्हांला जिन्याखालच्या एका लहानशा खोलीत घेऊन गेले. आत १२ व्होल्टच्या, १५० अँपिअर-तासांच्या चार ट्यूब्युलर बॅटऱ्या, वर इन्व्हर्टर आणि शेजारी रचून ठेवलेल्या खेळाच्या गाद्या होत्या. खोलीला एकच झरोका होता आणि त्यावर प्लायवूडचा तुकडा खिळे ठोकून बसवला होता. माकडे आत शिरतात, असे कारण कळले.

"सर, ही खोली बंद ठेवणे बरे नाही," असे आम्ही म्हणालो.

मुख्याध्यापकांनी भिंतीकडे बोट दाखवले. तेथे काचेच्या चौकटीत एक प्रमाणपत्र लावलेले होते. "सगळे मानकाप्रमाणे आहे. बॅटरीवर आयएसआयचा शिक्का आहे, बसवणाऱ्याने लेखी दिले आहे."

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. शिक्का खरा होता, प्रमाणपत्र खरे होते. तरीही खोली धोक्याची होती. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हा या लेखाचा विषय आहे. आमची टीका मुख्याध्यापकांवर नाही. ती मानके वाचण्याच्या आपल्या रीतीवर आहे आणि काही अंशी मानकांवरही आहे.

शिक्का कशावर असतो?

मानक म्हणजे एखादी वस्तू कशी असावी, तिची चाचणी कशी घ्यावी आणि कोणत्या मर्यादेत ती सुरक्षित मानावी, याचा तज्ज्ञांच्या समितीने लिहिलेला मसुदा. इन्व्हर्टरला जोडतात त्या ट्यूब्युलर बॅटऱ्यांसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १३३६९ हे मानक आहे. बॅटरीची धारकता किती, भरलेली वीज ती किती प्रमाणात परत देते, नुसती ठेवली तर तिच्यात किती वीज शिल्लक राहते, भरणे आणि रिकामे होणे ती किती वेळा सोसते, अशा चाचण्यांतून ती जाते. शिक्का मिळतो तो बॅटरीला. ती ज्या खोलीत ठेवली जाईल त्या खोलीची परीक्षा त्यात होत नाही, होणे शक्यही नाही.

खोलीसाठी निराळी मानके आहेत. एका जागी कायम बसवलेल्या बॅटऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाचे आयईसी ६२४८५-२ हे मानक जगभर वापरले जाते. बॅटरीच्या खोलीत दर तासाला किती हवा खेळली पाहिजे, याचे एक सूत्र त्यात दिले आहे. ते असे:

दर तासाला लागणारी हवा, घनमीटरमध्ये = ०.०५ × घटांची संख्या × दर अँपिअर-तास धारकतेमागे धरायचा वायुजनक प्रवाह, मिलिअँपिअरमध्ये × बॅटरीची धारकता, अँपिअर-तासांत ÷ १०००

सूत्र पाहिले की विद्यार्थी ते पाठ करतात आणि कंत्राटदार त्यातून पंख्याचा आकार काढतात. पण ०.०५ हा आकडा कोठून आला? विचारणारा क्वचित भेटतो. वास्तविक त्याचे उत्तर आपल्या शाळेच्या रसायनशास्त्रातच आहे.

०.०५ च्या पोटात काय आहे?

शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरत आली की पुढचा प्रवाह पाण्याचे विद्युत अपघटन करू लागतो. ऋण पट्टीवर हायड्रोजन आणि धन पट्टीवर ऑक्सिजन सुटतो. एक अँपिअर प्रवाह तासभर वाहिला तर ३६०० कूलोम विद्युतप्रभार जातो. हायड्रोजनचा एक रेणू तयार व्हायला दोन इलेक्ट्रॉन लागतात, म्हणजे एक मोल हायड्रोजनला दोन फॅरडे, सुमारे १,९३,००० कूलोम लागतात. ३६०० ला या संख्येने भागले आणि एका मोलच्या २२.४ लिटर आकारमानाने गुणले, की उत्तर येते ०.४२ लिटर. एका घटात एका अँपिअर-तासाला इतका हायड्रोजन सुटतो.

आता दुसरी पायरी. हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्क्यांच्या वर गेले की मिश्रण पेट घेऊ शकते. ७५ टक्क्यांपर्यंत ते ज्वलनशील राहते. इतका रुंद पट्टा फार थोड्या वायूंचा आहे. शंभर भाग मिश्रणात हायड्रोजन ४ भाग असेल तर हवा ९६ भाग, म्हणजे एका भागाला २४ भाग हवा. हे झाले काठावर उभे राहणे. काठापासून दूर राहायचे म्हणून मानकाने ५ हा सुरक्षा-गुणक घेतला आहे.

२४ गुणिले ०.४२ लिटर गुणिले ५ म्हणजे सुमारे ५० लिटर, अर्थात ०.०५ घनमीटर. झाले! फॅरडेचा नियम, हायड्रोजनची ज्वलनमर्यादा आणि थोडी सावधगिरी, एवढेच त्या आकड्यात आहे. मूळ मानकात हे तीनही घटक वेगवेगळे दिलेले आहेत, ही गोष्ट त्याच्या कर्त्यांना श्रेय देणारी आहे. पण मानकातून हस्तपुस्तिकेत, तेथून कंत्राटदाराच्या तक्त्यात आणि तक्त्यातून प्रमाणपत्रात उतरता उतरता कारणे गळून पडतात. शेवटी आकडा उरतो. काही वेळा तोही उरत नाही, 'मानकाप्रमाणे' हा शब्द उरतो.

त्या शाळेच्या खोलीला हे सूत्र लावून पाहू. चार बॅटऱ्या म्हणजे २४ घट. धारकता १५० अँपिअर-तास. पाणी घालावे लागणाऱ्या बॅटरीसाठी, जोरात भरणी चालू असताना, वायुजनक प्रवाह दर अँपिअर-तासामागे २० मिलिअँपिअर धरावा, असे मानक सांगते. गुणाकार केला की दर तासाला ३.६ घनमीटर हवा येते. नैसर्गिक वायुवीजनावर भागवायचे असेल तर हवा आत येण्यासाठी आणि बाहेर जाण्यासाठी प्रत्येकी किती चौरस सेंटीमीटरचे भोक हवे, हेही मानक सांगते: घनमीटरच्या आकड्याची २८ पट. म्हणजे सुमारे १०० चौरस सेंटीमीटर. दहा सेंटीमीटर लांब आणि दहा सेंटीमीटर रुंद, तळहाताएवढी दोन भोके. एक जमिनीलगत, एक छताजवळ. एवढीच मागणी आहे.

आणि ती भोके नसतील तर? खोलीत साधारण ४ घनमीटर, म्हणजे ४००० लिटर हवा असेल. तिचे ४ टक्के म्हणजे १६० लिटर. मानकाने धरलेल्या दराने २४ घटांतून तासाला सुमारे ३० लिटर हायड्रोजन सुटतो. खोली पूर्ण बंद असेल तर पाच-साडेपाच तासांत मर्यादा गाठली जाईल. अर्थात मानकाचा २० मिलिअँपिअर हा आकडाही सावधगिरीने मोठा धरलेला आहे. धडधाकट बॅटरी त्याच्या पाचव्या भागाइतकाच वायू देते आणि दाराच्या फटीतून थोडी हवा खेळतेच. म्हणून रोज काही घडत नाही. परंतु चार्जरचा नियंत्रक बिघडला आणि भरलेल्या बॅटरीतून १५ अँपिअरचा प्रवाह वाहत राहिला, तर तासाला १५० लिटर हायड्रोजन सुटेल आणि तासाभरात ती खोली दिव्याच्या बटणातल्या ठिणगीची वाट पाहू लागेल. हायड्रोजन हलका असल्यामुळे तो आधी जिन्याखालच्या तिरप्या छताच्या वरच्या कोपऱ्यात साचेल. इन्व्हर्टर भिंतीवर तेथेच, वर टांगलेला होता.

रोज काही घडत नाही, हीच या धोक्यातली अडचण आहे. दहा वर्षे झरोका बंद ठेवूनही काही झाले नाही, हा अनुभव माणसाला प्रमाणपत्राइतकाच खात्रीचा वाटू लागतो.

अटी तळटीपेत राहतात

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. २० मिलिअँपिअरचा हा आकडा, ज्या बॅटऱ्यांच्या पट्ट्यांत अँटिमनीचे प्रमाण ३ टक्क्यांपेक्षा कमी आहे अशांसाठी आहे. अँटिमनीने शिशाला कणखरपणा येतो, पण तो हळूहळू ऋण पट्टीवर जाऊन बसतो आणि हायड्रोजन सुटणे सोपे करतो. म्हणजे जास्त अँटिमनीची जुनी बॅटरी नव्या बॅटरीपेक्षा जास्त वायू देईल. ही अट सूत्राच्या ओळीत नसून तक्त्यात असते. झाकणबंद, पाणी न लागणाऱ्या बॅटरीसाठी हाच आकडा २० ऐवजी ८ आहे. त्या हिशेबाने हवेची सोय केलेल्या खोलीत पुढे कोणी स्वस्त मिळाल्या म्हणून पाण्याच्या बॅटऱ्या आणून ठेवल्या, तर प्रमाणपत्र तेच राहते आणि गरज अडीच पट होते.

मानक खोटे बोलत नाही. ते 'अमुक असेल तर तमुक' अशा भाषेत बोलते. आपण त्यातले 'अमुक असेल तर' सोडून देतो आणि 'तमुक' भिंतीवर टांगतो.

जेव्हा मानकच अपुरे पडते

आतापर्यंतची टीका वाचणाऱ्यावर झाली. आता मानकांकडे वळू. शिसे-आम्ल बॅटरीचा अनुभव शंभराहून अधिक वर्षांचा आहे, तिचे धोके ठाऊक आहेत. लिथियम-आयन बॅटऱ्या मोठ्या प्रमाणात एका जागी बसवण्याचा अनुभव मात्र दीड-दोन दशकांचाच आहे. तेथे मानक ज्ञानाच्या मागून धावते. हे कसे घडते, याचा धडा अमेरिकेतील एका दुर्घटनेने दिला.

ॲरिझोना राज्यात फिनिक्स शहराजवळ सरप्राइज नावाचे गाव आहे. तेथे वीज कंपनीने २०१७ साली मॅकमिकन येथे २ मेगावॉटचे बॅटरी-केंद्र उभारले होते. एका मोठ्या बंद कपाटासारख्या इमारतीत दहा हजारांहून अधिक लिथियम-आयन घट मांडणीवर रचलेले होते. १९ एप्रिल २०१९ रोजी सायंकाळी पाचच्या सुमारास एका मांडणीतल्या घटाचा दाब उतरला आणि धूर निघाला. अग्निशमन यंत्रणा ताबडतोब चालू झाली. तिने आग विझवणारा वायुरूप पदार्थ आत सोडला. यंत्रणा जशी आखली होती तशीच तिने कामगिरी बजावली. अग्निशमन दलाचे जवान आले, वाफेसारखा पांढरा धूर ओसरण्याची वाट पाहत थांबले. सुमारे तीन तासांनी त्यांनी दार उघडले. दोन-तीन मिनिटांत स्फोट झाला. चार जवान गंभीर जखमी झाले.

काय घडले होते? लिथियम-आयन घट एका मर्यादेपलीकडे तापला की त्याच्या आतल्या पदार्थांचे विघटन सुरू होते. त्यातून उष्णता निघते, ती विघटन आणखी वाढवते. इंग्रजीत याला 'थर्मल रनअवे' म्हणतात. आपण त्याला उष्णतेचा भडका म्हणू, पण या भडक्याला ज्वाळेची गरज नाही. बाहेरच्या हवेचीही नाही. म्हणून ज्वाळा विझवणारा पदार्थ त्याला थांबवू शकत नाही. एका घटाची उष्णता शेजारच्या घटात गेली, त्याची त्याच्या शेजारच्या. मध्ये उष्णता अडवणारे पडदे नव्हते. प्रत्येक घटातून हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि काही हायड्रोकार्बन वायू सुटत राहिले. ज्वाळा असती तर हे वायू जळून गेले असते. विझवण्याच्या यंत्रणेने ज्वाळा होऊ दिली नाही, म्हणून ते साचले. ते बाहेर जाण्याची सोय नव्हती. आत काय साचले आहे हे बाहेरून कळण्याचीही सोय नव्हती. दार उघडले, बाहेरची हवा आत शिरली, मिश्रण ढवळले गेले.

पहिला घट कशामुळे बिघडला, यावर वीज कंपनीचे तपासनीस आणि घट बनवणारी कंपनी यांच्यात दुमत झाले. पण त्यानंतरच्या साखळीविषयी फारशी शंका नाही. जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपास अहवालाने एक मुद्दा स्पष्टपणे मांडला: तेव्हाची मानके आग आटोक्यात कशी आणावी हे सांगत होती, पण एका घटातून दुसऱ्या घटात भडका पसरूच नये यासाठी काय करावे, हे सांगण्याचे टाळत होती. महागडी ठरेल अशी अट घालण्यास मानककर्ते कचरत असावेत, असा निष्कर्षही त्या अहवालात आहे.

आमच्या मते हा अहवाल विज्ञानाच्या प्रत्येक शिक्षकाने विद्यार्थ्यांना गोष्टीसारखा सांगावा. मॅकमिकनच्या यंत्रणेपुढे 'आग विझवायची कशी?' हा प्रश्न ठेवलेला होता. बॅटरीने विचारलेला प्रश्न मात्र 'वायू जाणार कोठे?' हा होता. शिसे-आम्ल बॅटरीच्या खोलीला आपण शंभर वर्षे हाच प्रश्न विचारत आलो आहोत. नव्या तंत्राच्या घाईत जुने शहाणपण विसरले गेले.

चाचणी आणि उत्तीर्णता

त्यानंतर मानके सुधारली, हे मान्य केले पाहिजे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेचे एनएफपीए ८५५ हे मानक २०२० च्या आवृत्तीने सुरू झाले. बॅटऱ्यांचा एक गट ५० किलोवॉट-तासांपेक्षा मोठा नसावा, दोन गटांत तीन फुटांचे अंतर असावे, स्फोट-नियंत्रणाची सोय असावी, अशा अटी त्यात आल्या. स्फोट-नियंत्रणाचे मार्ग दोन. ज्वलनशील वायूचे प्रमाण त्याच्या ज्वलनमर्यादेच्या पावपटीच्या वर जाऊच द्यायचे नाही, हा पहिला. आणि स्फोट झालाच तर दाब ठरावीक झडपांतून माणसे नसतील त्या दिशेला सोडून द्यायचा, हा दुसरा.

गटाचा आकार आणि अंतर यांच्या अटी शिथिल करायच्या असतील तर प्रत्यक्ष आग लावून चाचणी घ्यावी लागते. यूएल ९५४०ए ही ती चाचणी-पद्धती. तिच्या चार पायऱ्या आहेत: एक घट, घटांचा संच, संपूर्ण कपाट आणि शेवटी प्रत्यक्ष मांडणी. एका घटात मुद्दाम भडका उडवून तो किती पसरतो, कोणते वायू किती निघतात, हे मोजायचे. येथे पुन्हा आपल्या वाचण्याच्या रीतीचा प्रश्न येतो. या चाचणीत उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल नसतो. ती मोजमाप देते. त्यावरून खोली कशी असावी हे अभियंत्याने ठरवायचे असते. तरीही 'यूएल ९५४०ए प्रमाणित' अशा शब्दांत बॅटऱ्यांची जाहिरात केली जाते. रक्ततपासणीच्या कागदावर 'उत्तीर्ण' असा शिक्का मारण्यासारखाच हा प्रकार आहे. कागदावरचे आकडे कोणी वाचले आणि त्यावरून काय उपचार केले, हा खरा प्रश्न.

दुसरा दोष अधिक खोल आहे. मानक सुधारते, पण सामान्यतः ते नव्या बांधकामाला लागू होते. जुने केंद्र जुन्या नियमांच्या आधारे 'मानकाप्रमाणे' राहते. कॅलिफोर्नियात मॉस लँडिंग येथे एका जुन्या वीजकेंद्राच्या टर्बाइनच्या दालनात, एकाच छताखाली, ३०० मेगावॉटचे बॅटरी-केंद्र २०२० च्या अखेरीस सुरू झाले होते. सप्टेंबर २०२१ मध्ये तेथे एक विचित्र अपघात झाला. आगीपासून रक्षण करण्यासाठी बसवलेल्या पाण्याच्या यंत्रणेनेच गरज नसताना बॅटऱ्यांवर पाणी सोडले आणि त्यातल्या काही तापून खराब झाल्या. पुढे १६ जानेवारी २०२५ रोजी तेथे मोठी आग लागली. परिसरातल्या बाराशेच्या आसपास लोकांना घरे सोडावी लागली, महामार्ग बंद ठेवावा लागला, आणि केंद्रातल्या निम्म्याहून अधिक बॅटऱ्या जळाल्या. आता अशी केंद्रे उघड्यावर, सुट्या आणि एकमेकांपासून दूर ठेवलेल्या कपाटांत उभारतात. एक पेटले तर ते एकच जळावे, हा हेतू. हा विचार मॉस लँडिंगच्या दालनापर्यंत पोचला नाही, कारण ते दालन आधीच उभे होते.

'आमची बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची आहे, ती पेटत नाही' असेही आता ऐकू येते. त्या रसायनाचा भडका तुलनेने सौम्य असतो, हे खरे. पण १६ एप्रिल २०२१ रोजी बीजिंगच्या फंगताय भागात याच रसायनाच्या केंद्रात आग लागली. एका इमारतीतला वायू तारांच्या भुयारी चरातून दुसऱ्या इमारतीत गेला, तेथे स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे दोन जवान मृत्युमुखी पडले. ज्वाळा कमी, म्हणून धोका कमी, असे समीकरण मांडता येत नाही. न जळालेला वायू कोठे तरी जातोच.

दुसरी बाजू

टीका करताना न्याय सोडू नये. मानककर्त्यांची बाजूही भक्कम आहे. पूर्ण ज्ञान होईपर्यंत थांबायचे म्हटले तर कोणतेही तंत्र वापरता येणार नाही. रेल्वे, विमान, स्वयंपाकाचा गॅस, सर्वांची मानके अपघातांतूनच घडली. शिवाय मानकांचा उपयोग होतो, हे आकड्यांत दिसते. अमेरिकेतील इलेक्ट्रिक पॉवर रिसर्च इन्स्टिट्यूट जगभरच्या बॅटरी-केंद्रांतील दुर्घटनांची नोंद ठेवते. बसवलेल्या क्षमतेच्या तुलनेत दुर्घटनांचे प्रमाण २०१८ ते २०२३ या काळात ९७ टक्क्यांनी घटले, असे त्या संस्थेने सहकाऱ्यांसह २०२४ मध्ये केलेल्या पाहणीत आढळले. हे यश लहान नाही.

पण त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट आमच्या मुद्द्याला बळ देते. ज्या दुर्घटनांची कारणे कळली, त्यांत घट सदोष निघाल्याची उदाहरणे तुलनेने थोडी होती. जोडणी, मांडणी, उभारणी आणि आजूबाजूची साधने यांतले दोष अधिक होते. घटाला प्रमाणपत्र असते, कपाटाला असते, इन्व्हर्टरला असते. त्या सर्वांना एकत्र आणणाऱ्या खोलीकडे मात्र ती खोली वापरणाऱ्या माणसालाच पाहावे लागते. ते पाहण्यासाठी त्याला कारणे ठाऊक हवीत.

आपल्या देशात हा प्रश्न आता दूरचा नाही. छत्तीसगडमधील राजनांदगाव येथे २०२४ साली सौर केंद्राबरोबर ४० मेगावॉटचे, १२० मेगावॉट-तासांचे बॅटरी-केंद्र सुरू झाले. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये ४००० मेगावॉट-तासांच्या साठवणुकीला अर्थसाहाय्याची योजना मंजूर केली. घरोघरी इन्व्हर्टर होतेच, आता त्यांत लिथियमच्या बॅटऱ्या येत आहेत. आणि आपण काय शिकवतो? विद्युत अपघटन पाण्याच्या भांड्यात शिकवतो आणि बॅटरी निराळ्या धड्यात. दोन्ही एकत्र आले की जिन्याखालची खोली तयार होते, हे सांगायचे राहून जाते.

भारतीय मानक ब्युरोची मानके आता विनामूल्य पाहता येतात, ही चांगली सोय झाली आहे. आंतरराष्ट्रीय मानके मात्र विकत घ्यावी लागतात आणि भाषा इंग्रजी, तीही वकिली वळणाची. ज्या कागदावर सामान्य माणसाचा जीव अवलंबून आहे तो त्याला वाचता येऊ नये, याचे समर्थन आम्हांला करता येत नाही. निदान सूत्रामागची कारणे सोप्या मराठीत लिहून प्रत्येक बॅटरीच्या दारावर लावणे अवघड नाही.

मानक वाचताना विद्यार्थ्यांनी चार प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवू. हे प्रमाणपत्र नेमके कशाला दिले आहे: घटाला, कपाटाला की खोलीला? यातला आकडा कोणत्या अटीवर खरा आहे? ती अट आपल्या जागी आज पाळली जाते का? आणि बिघाड झालाच, तर वायू कोठे जाणार?

त्या शाळेत दुसऱ्या दिवशी आम्ही नववी-दहावीच्या मुलांकडून वरचे गणित करून घेतले. १०० चौरस सेंटीमीटर हे उत्तर आले. मुख्याध्यापकांनी स्वतः प्लायवूड काढवले. गाद्या हलवल्या. माकडांसाठी जाळी बसवायचे ठरले. खाली दाराच्या तळाशी दुसरे भोक पाडायचे ठरले. सगळे समाधानाने उठत असताना एक मुलगी म्हणाली, "सर, जाळीच्या तारा पण जागा अडवतील ना? मग भोक शंभरपेक्षा मोठे नको का?"

हवे. जाळी दाट असेल तर दीडपट, धूळ बसून तिची छिद्रे बुजत असतील तर त्याहूनही मोठे. तिने फळ्यावर नवा आकडा मांडायला घेतला. प्रमाणपत्र भिंतीवर आहे तेथेच राहू द्या, असे आम्ही मुख्याध्यापकांना सांगितले. त्याच्या शेजारी मात्र मुलांनी केलेले ते गणित लावले आहे, जाळीच्या दुरुस्तीसह.